आईंच्या नावाचा बेडूक

सुनेने चिमट्याने बेडूक बरणीतून उचलला, स्पिरिट निथळू दिलं आणि तो सासऱ्यांपुढच्या तबकडीत पालथा ठेवला. संग्रहालयाच्या बेडूक विभागाचे प्रमुख म्हणून ते तिचे साहेबही होते. ऑफिसात ‘सर’, घरी ‘बाबा’, हा नियम तिने आजवर कटाक्षाने पाळला होता. आज जीभ मध्येच अडकली.

“सर... बाबा, पुन्हा पुन्हा तपासलं. डीएनए आधीच नोंदलेल्या जुन्या प्रजातीशी तंतोतंत जुळतोय. ही वेगळी प्रजाती नाहीच.”

त्यांनी सूक्ष्मदर्शक पुढे ओढला. पाठीवरच्या चामखिळी, बोटांमधला पडदा, सगळं नव्याने पाहिलं. तरुणपणी याच पडद्याच्या भरवशावर त्यांनी या बेडकाला नवी प्रजाती ठरवून बायकोचं नाव दिलं होतं. पण शास्त्रात जे नाव आधी छापलं गेलं, तेच टिकतं. यापुढे हा बेडूक दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा कलेक्टरच्या नावाने ओळखला जाणार होता.

“बरोबर आहे तुझं,” म्हणत त्यांनी तिच्या शोधनिबंधावर सही केली आणि बराच वेळ पेनाचं टोपण शोधत राहिले. “घरी तू सांग.”

“मी? सासूचं नाव खोडायचं सुनेनं, आणि वर सांगायचंही तिनंच?”

“माझ्यापेक्षा तुझं जास्त ऐकते ती.”

संध्याकाळी चहाच्या वेळी तिने सांगून टाकलं. सासूबाई खो खो हसल्या.

“सुटले बाई! लोकांचे नवरे गुलाबाला बायकोचं नाव देतात. आमच्या वाट्याला चामखिळी!”

सुनेचा जीव भांड्यात पडला. तिने बिस्किट उचललं.

“तेव्हा मी माहेरी निघून गेले होते, अगं,” सासूबाई कपाकडे बघत म्हणाल्या. “कायमची. ह्यांचा ना फोन, ना निरोप. एक दिवस टपालाने नुसता ह्या बेडकाचा छापील निबंध आला. म्हटलं, हीच ह्यांची माफी. आले परत.”

सासऱ्यांनी चहात साखर ढवळायला घेतली. ते बिनसाखरेचा पीत.

“अहो, ते नाव आता रद्दच ना?”

“हो.”

“मग आता तोंडाने म्हणा.”

शेकडो बेडकांची लॅटिन नावं न अडखळता म्हणणाऱ्या माणसाने घसा खाकरला आणि सुनेकडे पाहिलं. तिने आपला कप उचलला, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

बाहेरून नुसती कपात चमचा फिरण्याची किणकिण येत राहिली. मग सासूबाईंचा आवाज आला.

“सावकाश. मला घाई नाही.”