अर्धा झगा

गेर्लाखने तांब्याचा पत्रा वाळू भरलेल्या कातडी उशीवर ठेवला आणि त्यावर हलकेच फुंकर मारली. मेलेल्या लेकाला, येशूला, मांडीवर घेतलेली मारिया. चेहरा झाला होता, लेकाच्या बरगड्या झाल्या होत्या, झग्याची डावी बाजू बारीक ठिपक्यांनी भरली होती. उजवी कोरीच. हिवाळ्याच्या तोंडी, संत मार्टिनच्या सणाला, टिलमन सोनार वारला, तेव्हापासून काम तसंच पडून होतं.

"मठातून परत निरोप आलाय, मालकीणबाई. गुड फ्रायडेला तिथल्या प्रत्येक बहिणीच्या हाती कागदावरचा छाप हवा म्हणतात."

"मग छाप की असाच."

"जिथं ठोकलेलं नाही तिथं सगळी शाई बसणार. अर्धी मारिया काळीठिक्कर निघेल. समोरचा योर्गन म्हणतोय, मी भरून देतो."

"योर्गन!" टिलमनच्या विधवेने, नीसगिनने, हातातला खारा मासा ताटलीत टाकला. "त्याला म्हणावं, घोड्यांना नाल मार."

गेर्लाख हसला नाही. वीस वर्षं या घरात कारागिरी केलेला माणूस, पण आज उत्तर घेतल्याशिवाय हलणार नव्हता.

तिला उत्तर ठाऊक होतं, तीच तर पंचाईत होती. शेवटची तीन वर्षं टिलमनला पत्र्यावर नुसतं धुकं दिसायचं. रेघा तो सवयीने ओढायचा. ठिपके नीसगिन मारायची, दुपारी, दाराला कडी लावून. अख्ख्या कोलोन शहराने वाखाणलेला तो हात तिचा होता. आता हातोडी उचलावी तर मेलेल्या नवऱ्याचं नाव जाणार, आणि न उचलावी तर योर्गन त्याची शेवटची मारिया नासवणार.

तिने एप्रनला हात पुसले, ठिपके पाडायचा टोकदार ठसा आणि हातोडी उचलली आणि ठसा पत्र्यावर टेकवला. तीन ठोके. थांबली. पुन्हा तीन.

गेर्लाख पत्रा घट्ट धरून उभा होता.

"तुला नवल नाही वाटलं?" तिने विचारलं.

"कशाचं? मालक एका दमात बारा मारायचे. तीन वर्षं दाराआडून तीन-तीन ऐकतोय मी. म्हटलं, बाईमाणूस, दम लागत असेल."

"आणि कुणाला बोलला नाहीस?"

"आत मालक हसायचे. डोळे जात चाललेला माणूस असा हसतोय, तर मध्ये तोंड घालणारा मी कोण?"

नीसगिनचे डोळे भरून आले. किती महिन्यांत त्या हसण्याबद्दल कुणी बोललं नव्हतं.

"दम नव्हता लागत रे. तीन झाले की मी हात बाजूला घ्यायचे. मग ते अंगठ्याने चाचपायचे, खळगे सारखे उतरलेत का ते. मनासारखे असले की म्हणायचे, 'हं, पुढं.'"

तिने नाक पुसलं आणि ठसा झग्याच्या कडेला लावला. एक, दोन, तीन. हात आपसूक बाजूला झाला आणि तिथेच राहिला. पत्र्यावर अंगठ्यापुरती जागा मोकळी होती.

गेर्लाखने त्या मोकळ्या जागेकडे बघितलं. मग खाकरला.

"हं," तो म्हणाला, "पुढं."