एकोणसाठावा दगड

जपानात, इचिकावातल्या एका बंद पडलेल्या लग्नाच्या हॉलमागे उत्तरा सकाळपासून जमिनीवर कमान जुळवत बसली होती. हॉलच्या मालकाने चलतीच्या दिवसांत स्कॉटलंडच्या खेड्यातलं पडीक चर्च दगड-दगड करून इथे आणलं आणि लग्नांसाठी उभं केलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते असं. भिंती दोनशे वर्षांच्या, पण दाराची कमान पाचशे वर्षांची. गावातली बारशी नि प्रेतं तिच्याखालूनच गेलेली. आता चर्च पाडत होते. गावाने तेवढी कमान परत मागितली होती. बाकीच्या दगडांची खडी होणार होती.

कमानीचे दगड अकरा, चोपन्न ते चौसष्ट. मधला एकोणसाठ, माथ्याचा. त्यावर कुणा गवंड्याने खूण म्हणून मासोळी कोरलेली. तो नसेल तर कमान उभीच राहत नाही. आणि ५९ रंगवलेला जो दगड हाती आला, तो भिंतीतला चौकोनी ठोकळा निघाला.

चर्च उतरवताना उत्तराने परांचीवरून आकडे ओरडून सांगितले होते आणि खाली तिच्या नवऱ्याने, केनने, ते दगडांवर रंगवले होते. मराठी ऐकून. जपानी नवरा चौदा वर्षांत मराठी शिकला, याचा तिला केवढा तोरा. मागच्या महिन्यात तिच्या एकोणपन्नासाव्या वाढदिवसाला केनने निशी-कसाईतल्या मराठी मंडळींसमोर जाहीर केलं, "उत्तरा एकोणचाळीसची झाली." मैत्रीण वृंदा म्हणाली, "अगं बाई, दहा वर्षं कुठे लपवलीस?" सगळे हसले. उत्तरा लाजली आणि गप्प राहिली.

"केन, एकोणसाठ कुठाय?"

"तो भिंतीचा ना? सकाळीच खडीला दिला." केनने हवेत बोटाने आकडा काढला. सहा, मग नऊ.

एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. तो बिचारा ऐकलं तसं लिहीत गेला, साठ आणि वर नऊ.

ती धावत सुटली. खडीचं यंत्र थांबलं होतं, माणसं जेवायला गेली होती. वेड्यासारखी ती ढीग उपसत राहिली, नखं फुटली तरी. शेवटी मासोळीची शेपटी तेवढी सापडली.

केन मागे येऊन उभा राहिला. "माझं चुकलं का?"

तिला रडू आवरेना. "तू माझं वय बरोबरच सांगितलं होतंस रे," ती म्हणाली. "मीच कौतुक समजून गप्प बसले."