डॉक्टरांचे कान

मी डॉक्टरांचा स्टेथोस्कोप बोलतोय. बोलतोय कसला, जीव तोडून ओरडतोय! पण मला गळा नाही हो, नुसती नळी आहे.

डॉक्टर शिकत होते तेव्हा त्यांच्या आईनं मला आणलं. वॉर्डात एक खडूस सर होते. हृदयाच्या झडपेतून रक्त नीट जात नसलं की छातीत एक फुसफुस येते, तिला मर्मर म्हणतात. सर पोरांना ती एकेक करून ऐकायला लावायचे. एकदा त्यांनी माझी नळी चिमटीत गच्च दाबून धरली आणि विचारलं, "येतेय ऐकू?" सगळे म्हणाले, "हो सर!" आमचा गडी म्हणाला, "नाही सर, काहीच नाही." सर म्हणाले, "हाच होईल हृदयाचा डॉक्टर."

झालेही. नाव झालं. माझी चकती तळहातावर घासून ऊबदार करायची आणि मगच छातीला लावायची, ही त्यांची पद्धत. एकदा एका ट्रकड्रायव्हरची छाती ऐकून त्यांनी त्याला घरी जाऊच दिलं नाही. "अहो, मला काही होत नाहीये!" म्हणून तो भांडत होता. तो वाचला, आणि अजून येऊन पाया पडतो.

मग कान जायला लागले. "अहो, टीव्ही शेजाऱ्यांसाठी लावलाय का?" असं त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या बाईंनी, विचारलं की डॉक्टर नुसते हसायचे. दवाखान्यात निभावून जात होतं, तिथे प्रत्येकाची मशीनवर तपासणी होते. घरी मात्र मी एकटाच.

परवा बाई जिना चढता चढता मधेच बसल्या. लेक म्हणाली, "बाबा, आईला मशीनवर तपासून घेऊ. मी वेळ घेतलीये."

डॉक्टर भडकले. "माझी बायको दुसऱ्याकडे? काहीतरीच! आण तो स्टेथोस्कोप."

त्यांनी मला छातीवर टेकवलं. अरे देवा, काय ती मर्मर! झडप पार आकसलेली, रक्त कसंबसं वाट काढतंय. मी होतं नव्हतं ते सगळं त्यांच्या कानात ओतलं. त्यांनी डोळे मिटले, चकती सरकवली, पुन्हा सरकवली. माझी टोकं कानात आणखी खोल खुपसली. काहीच ऐकू येत नाहीये, हे त्यांना कळलं होतं. म्हणा ना हो तसं! एवढंच म्हणा!

"ठणठणीत आहे," ते म्हणाले. "वजन वाढलंय, दुसरं काही नाही."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" बाई लेकीला म्हणाल्या. "उगाच घाबरवतेस. ती वेळ रद्द कर आधी."

लेकीनं फोन केला आणि वेळ रद्द केली. डॉक्टर खिडकीशी पाठमोरे उभे राहिले. वळून बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

आता मी दारामागच्या हुकाला लटकतोय. बाई ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीकडे निघाल्यात. दोन पायऱ्या चढतात, थांबतात, धापा टाकतात. कुणीतरी मला उचला हो! डॉक्टर नसलात तरी चालेल. कानात घाला आणि त्या बाईंच्या छातीला लावा. मी अजून स्पष्ट ऐकवतो.

"आई, का थांबलीस गं?" लेक खालून विचारतेय.

"काही नाही गं," बाई कठड्याला धरून म्हणतात. "तुझ्या बाबांनी ऐकलंय ना."