गुरप्पामामाचा न मिटणारा डोळा

दुपारी दोन ते चार गुरप्पामामा झोपायचा आणि ते बघायला चाळीपुढं रांग लागायची. चौऱ्याहत्तर साली सोलापुरात रांगांना तोटा नव्हता. पण ही रांग रॉकेलच्या रांगेपेक्षा लांब होती आणि हिच्यात माणसं आनंदानं उभी राहायची. दारातून डोकावलं की दिसायचं ते एवढंच: खाटेवर चादरीत गुंडाळलेला एक विणकर रीतसर घोरतोय. डावा डोळा मिटलेला, उजवा टक्क उघडा. बुबुळ वर चढलेलं, नुसतं पांढरं.

"बघतोय गं," एक बाई म्हणाली आणि तिनं कडेवरचं पोर डोळ्यासमोर धरलं.

"बघंल न्हाय तर काय. जागृत हाय की."

मामा घोरत होता.

हा माझा सख्खा मामा. कॉलेजसाठी मी त्याच्याकडं राहायचो, म्हणजे या देवस्थानात मी पोटभाडेकरू होतो.

सगळं सुरू झालं ते बारा दिवसांपूर्वी. सकाळी मामानं चहाचा घोट घेतला आणि तो उजव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर आला. मामी अक्कलकोटची, नाव काशम्मा. ती म्हणाली, "अय्यो, नीट प्या की. ल्हान हाय का तुमी?" मामानं आरशात बघितलं. डावा अर्धा चेहरा काळजीत पडला. उजवा अर्धा तसाच राहिला. बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

तरी मामा मिलमध्ये गेला. मागावर सुताची कांडी संपली की धोट्यात, म्हणजे ताण्यातून सूत इकडून तिकडं नेणाऱ्या लाकडी होडीत, नवी घालायची, सुताचं टोक आतून भोकाशी न्यायचं आणि बाहेरून तोंड लावून एका दमात ओढून घ्यायचं, ही विणकराची रोजची रीत. मामाचे ओठ उजवीकडं मिटेनात. सगळा दम तिकडून निसटायचा. तासभर तो धोट्याचे मुके घेत उभा राहिला. शेवटी जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, त्याला घरी पाठवलं.

त्या मागावर आधी तात्याबा होता. तो गेल्या साली वारला. धोटा मात्र तोच, भोकही तेच. खात्यातल्या साठ विणकरांनी जेवणाच्या सुट्टीत एकमतानं निदान केलं: तात्याबा धोट्यात बसून राहिला होता, गुरप्पानं सूत ओढलं, सुताबरोबर तात्याबाही आत गेला. मामा शिंपी असता तर हे कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

मामी त्याला गल्लीच्या टोकाला रुद्रप्पा डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या. मामानं घातल्या, अर्ध्याच आल्या. हातपाय, बोलणं, सगळं तपासून डॉक्टर म्हणाले, "चेहऱ्याची नस कानामागं सुजलीय. मेंदूला काही झालेलं नाही. बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत आपोआप सुटतं."

"सुजली कशानं?"

"ते नक्की माहीत नाही."

मामा निराश झाला, अर्धा.

"पण डोळा सांभाळा," डॉक्टर म्हणाले. "तो मिटत नाही, म्हणजे वाळणार. वाळला की बुबुळावर जखम होते, फूल पडतं. थेंब घाला, झोपताना पट्टी बांधा. तोंड सुधारेल, गेलेला डोळा यायचा नाही." हजारो धाग्यांतला तुटलेला एक धागा ज्याला शोधायचा असतो, त्याला याहून जास्त सांगावं लागत नाही.

पण चौथ्या दिवशी मडिवाळप्पा महाराज आले. संन्यासापूर्वी ते मोहोळच्या बाजारात दात बघून बैलांची वयं सांगायचे. मामाचेही त्यांनी आधी दातच बघितले. मग पट्टी सोडून फेकली.

"देवाच्या दाराला कडी लावताय व्हय रे? तात्याबा भूत न्हाय. तात्याबा पोचलेला जीव. वरनं ट्रंक कॉल लागलाय, आन तुमी फोनवर फडकं टाकताय!"

अशी तात्याबाला मरणोत्तर बढती मिळाली. जिवंतपणी बावीस वर्षांत मिळाली नव्हती.

मग प्रश्न सुरू झाले. भक्तानं विचारायचं, महाराजांनी "गुरप्पा, मीट" म्हणायचं. मामा दोन्ही डोळे मिटायला जायचा. डावा मिटायचा, उजव्याचं बुबुळ वर जाऊन पांढरं दिसायचं. पांढरं म्हणजे होय. कधी महाराज "गुरप्पा, बघ" म्हणायचे. मामा बघायचा. काळं म्हणजे नाही.

"माजी म्हस गावंल का?" धोंडीरामनं विचारलं.

"गुरप्पा, मीट."

पांढरं. धोंडीरामनं नारळ फोडला. म्हैस अजून यायची होती.

"औंदा बोनस मिळंल का?"

"गुरप्पा, मीट."

पांढरं. युनियनच्या लोकांनी मामाला हार घातला.

आठव्या दिवशी डोळा तांबडा झाला. मामा कण्हत म्हणाला, "म्हाराज, झोंबतंय ओ. खडा गेल्यागत."

"त्येज हाय त्ये. त्येज झोंबणारच."

बाराव्या दिवशी त्या डोळ्याला चाळीचा नळ धुरकट दिसायला लागला. मामानं मला जवळ बोलावलं. "भाच्या, तात्याबाला ऱ्हायचं तर ऱ्हाऊ दे. पर पट्टी बांधून ऱ्हा म्हणावं. डोळा गेला तर म्या मागावर काय हातानं चाचपू?"

मामी मागं उभी होती. ती मला म्हणाली, "जा, डाक्टरला आण. देवाचं मी बघते."

डॉक्टर आले. रांगेनं त्यांना मध्ये घुसू दिलं नाही. ते पाऊण तास रांगेत उभे राहिले. आत आल्यावर त्यांनी मलाच पुढं ओढलं, "डोळे घट्ट मीट" म्हणाले आणि अंगठ्यानं माझी एक पापणी वर धरून ठेवली.

"पांढरं!" रांगेतली बजाबाई ओरडली. "अगं बाई, ह्येच्यात बी तात्याबा?"

"सगळ्यांच्यात," डॉक्टर म्हणाले. "डोळा मिटताना बुबुळ वर जातं. पापणी खाली येते म्हणून दिसत नाही. गुरप्पाची पापणी येत नाही, एवढाच फरक."

पुढची दहा मिनिटं चाळीत प्रत्येकानं दुसऱ्याची पापणी धरली होती. धोंडीराममध्ये तात्याबा निघाला. बजाबाईत निघाला. बंदोबस्ताला आलेल्या हवालदारात निघाला. त्यानं तो नाकारला.

"म्हाराजांचं बघा की," बजाबाई म्हणाली.

महाराज नको नको म्हणत असताना हवालदारानं त्यांची पापणी धरली. महाराजांनी डोळे गच्च आवळले. उचललेल्या पापणीखाली काळं बुबुळ सरळ समोर बघत राहिलं.

सगळी रांग वाकून बघायला लागली.

"सगळ्यांच्यात हाय," धोंडीराम हळूच म्हणाला, "आन म्हाराजातच न्हाय?"

बजाबाईनं आपण वाहिलेली केळी परत उचलली. बाकीचेही फळं शोधायला लागले.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "चुकीच्या कारणासाठी घरी जाऊ नका. काही लोकांचं बुबुळ वर जातच नाही. त्यात महाराजांचा दोष नाही. दोष दुसरीकडं आहे, तो बघा." ते मामाकडं वळले. "गुरप्पा हा सोलापूरचा बादशहा आहे का? गुरप्पा, मीट."

पांढरं.

"गुरप्पा बादशहा नाही, हे खरं का? मीट."

पांढरं.

"म्हैस सापडेल का, हे देवानं नाही सांगितलं. 'मीट' म्हटलं की होय, 'बघ' म्हटलं की नाही. काय म्हणायचं ते महाराज ठरवत होते."

धोंडीरामला हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो महाराजांना शोधायला लागला. महाराज मोहोळच्या एसटीत बसले होते.

डॉक्टरांनी बॅटरीनं डोळा बघितला. बुबुळाच्या खालच्या कडेला जखम होती, नजरेच्या वाटेपासून दोन तांदूळ लांब. "अजून चार दिवस दर्शन चाललं असतं तर डोळा गेला असता," ते म्हणाले आणि मलमाची नळी मामीच्या हातात दिली. मामीनं मलम भरलं, पट्टी बांधली. दारात नवीन माणूस आला की ती लाटणं घेऊन उठायची.

चौथ्या आठवड्यात मामी ओरडत असताना मामाच्या ओठाचा उजवा कोपरा जरासा हलला. ती ओरडायची थांबली आणि मग मुद्दाम पुन्हा ओरडली. सहाव्या आठवड्यात आठ्या पूर्ण आल्या. आठव्यात पापणी खाली टेकली. त्या दुपारी मामा दोन्ही डोळे मिटून झोपला, आणि बघायला काळं कुत्रं आलं नाही. महिनाभरानं त्याला त्याचा माग परत मिळाला. जखमेचा एक बारीक डाग राहिलाय, पण तुटलेला धागा त्याला दिसतो.

महाराज सध्या माळशिरसला असतात. सोलापूरचा एक विणकर आपण बरा केल्याचं ते तिथं सांगतात. मी हे डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मीही नाही केला. नस तिची ती सुटली. मी फक्त डोळा झाकला."

तेव्हा सकाळी उठल्यावर तोंड वाकडं दिसलं तर आधी दवाखाना गाठा. प्रत्येक वाकडं तोंड मामाच्या तोंडाइतकं साधं नसतं. डोळा मिटत नसेल तर झाका. डॉक्टर "माहीत नाही" म्हणाला तर रागावू नका, निदान तो खरं बोलतोय. आणि ज्याला सगळंच माहीत आहे असा माणूस दारात आला, तर त्याला एकच प्रश्न दोनदा विचारा, एकदा सुलटा, एकदा उलटा. दोन्हीला "होय" आलं, तर नारळ घरी आणा आणि चटणी करा.