अर्धी जपमाळ

अपेक्षाला प्रार्थना येत नव्हती असं नाही. अर्धी येत होती.

हे तिचं तिलाही कळलं ते सांगलीला शिकायला आल्यावर. आटपाडीच्या घरात दिवेलागणीला तिची आई मनुबाई मारियामातेच्या तसबिरीसमोर सतरंजी टाकायची. आईला अक्षरओळख नव्हती, म्हणून आधी अपेक्षा बायबलमधला एक अध्याय मोठ्यानं वाचायची. मग आई जपमाळ हातात घ्यायची. प्रत्येक मण्याला 'नमो मारिया'पासूनची अर्धी प्रार्थना आईनं म्हणायची आणि 'पवित्र मारिया'पासूनची उरलेली अर्धी अपेक्षानं. कॅथलिक घरांत जपमाळ अशीच चालते, एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. या घरात बाकीचे म्हणजे एकटी अपेक्षाच, कारण वडील लालासाहेब सोनं-चांदी गाळायच्या कामाला दूर कोइमतूरला, ते नाताळालाच उगवायचे. पोरगी बोलायला लागली तेव्हापासून आईचं वाक्य संपलं की तिचं सुरू व्हायचं. त्यात विचार करायला जागाच नव्हती.

फार्मसीला प्रवेश मिळाला आणि अपेक्षा विश्रामबागेत एका खोलीत राहायला आली. सोबत दोघी, वाईची वल्लरी आणि तासगावची पूजा. मुली चांगल्या होत्या. अपेक्षानं पहिल्याच आठवड्यात भिंतीवर छोटा क्रूस लावला, तेव्हा पूजानं खिळा ठोकून दिला आणि वल्लरीनं शेजारी आपला गणपती चिकटवला.

पण क्रूस लावणं सोपं होतं. पहिल्या संध्याकाळी अपेक्षा पलंगावर जपमाळ घेऊन बसली आणि वाट बघत राहिली. कशाची, हे तिला मिनिटभर कळलंच नाही. मग लक्षात आलं की आपण आईच्या अर्ध्या भागाची वाट बघतोय. तिनं तो स्वतः म्हणून पाहिला. शब्द सगळे पाठ होते, लहानपणापासून रोज ऐकलेले, पण स्वतःच्या तोंडून ते दुसऱ्याची चप्पल घालून चालल्यासारखे येत होते. तिसऱ्या मण्याला तिनं माळ उशीखाली सरकवली.

वाचनाचं तसंच. मोठ्यानं वाचायची सवय, आणि इथं मोठ्यानं वाचायची लाज. मनात वाचायला घेतलं की डोळे ओळींवरून उतरत जायचे आणि डोकं उद्याच्या प्रॅक्टिकलला जाऊन बसायचं.

चर्चमध्ये फादरांनी तरुणांची बैठक घेतली. सवय कशी लावावी यावर ते तासभर बोलले. थोडं वाचा, पण रोज वाचा. एक वेळ ठरवा, एक जागा ठरवा. अपेक्षानं सगळं मनावर घेतलं. वर्षभरात अख्खं बायबल वाचून घेणारं ॲप मोबाईलवर घेतलं आणि पहाटेचा अलार्म लावला. अलार्मला चर्चच्या घंटेचा आवाज दिला. घंटा झाली की पूजा दचकून उठून बसायची, वल्लरी देवाचं नाव घ्यायची आणि अपेक्षा कूस बदलायची. एकूण त्या घंटेनं दोन हिंदू मुली लवकर उठायला लागल्या. नव्याचे नऊ दिवसही धड झाले नाहीत, आणि मग ये रे माझ्या मागल्या. ॲप रोज आठवण करायचं की तुम्ही मागे पडला आहात. शेवटी तिनं ॲपचं तोंडच बंद करून टाकलं.

आळस म्हणावा तर तोही नव्हता. संध्याकाळ झाली, समोरच्या बंगल्यात दिवा लागला, की तिचा हात उशीखालच्या माळेकडं जायचा. देव हवासा वाटतोय की आईचा आवाज, हे तिला सांगता आलं नसतं. पण हवंसं वाटायचं, फार वाटायचं, आणि ते कसं मागायचं तेवढंच तिला एकटीला येत नव्हतं. आपल्याला आता हे कधीच येणार नाही, अशी भीतीही वाटायची. फादरांना विचारावं तर काय विचारणार? मोठी घोडी झाली आणि हिला आईशिवाय प्रार्थना येत नाही, असंच ते म्हणतील असं तिला वाटे.

दर रविवारी आईचा फोन यायचा. जेवण, पाणी, अभ्यास झाला की शेवटी ठरलेला प्रश्न.

"माळ म्हनतीयास न्हवं रोज?"

"व्हय."

"आन् वाचन?"

"व्हय आई, रोज."

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा ऑक्टोबर चालू होता. ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना, आणि या महिन्यात आईसमोर बसायचं म्हणून अपेक्षा खरं तर घाबरली होती. एसटी विट्याला बंद पडली. दुसरी गाडी मिळून आटपाडीत उतरेपर्यंत दिवेलागण झाली होती. ती बॅग ओढत अंगणात आली आणि आतून आईचा आवाज ऐकू आला.

'नमो मारिया' चालू होतं. दार उघडं होतं. सतरंजीवर आई पाठमोरी बसली होती, डाळिंबाच्या आडतीतून आलेली, पदर अजून कमरेला खोचलेला. आपला अर्धा भाग संपवून ती थांबली.

अपेक्षाला वाटलं, आईला दम लागला. दिवसभर माल निवडून थकली असेल. तेवढ्यात आईनं मणी पुढे सरकवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अर्धं म्हटलं आणि पुन्हा थांबली. दुसरा अर्धा भाग तिनं म्हटलाच नाही. मान थोडी कलती करून, फोनवर पलीकडचं माणूस बोलत असताना थांबावं तशी ती थांबली होती.

तिसऱ्या मण्याला अपेक्षाच्या ध्यानात आलं. ती थांबण्याची लांबी तिच्या ओळखीची होती. 'पवित्र मारिया' म्हणून व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच ती होती. जून महिन्यापासून आई रोज संध्याकाळी असंच करत असणार. आपलं म्हणायचं आणि पोरीच्या भागासाठी जागा सोडायची. आणि त्या जागेत सांगलीहून काहीच येत नव्हतं.

अपेक्षानं हातातली बॅग खाली ठेवली. आईनं पुढचा मणी घेतला, आपला भाग संपवला आणि थांबली. अपेक्षानं उंबऱ्यातूनच म्हणायला सुरुवात केली. आवाज फाटला, पण शब्द आपोआप आले.

मनुबाईनं वळून बघितलं नाही. पाठ तेवढी जराशी ताठ झाली. पोरीचा भाग संपला, तशी तिनं पुढचा मणी सरकवला. मधेच उठायची पद्धत त्या घरात नव्हती, मग साक्षात पोप दारात आला तरी. अपेक्षा चपला काढून सतरंजीच्या कडेला बसली, आणि माळ पूर्ण झाली.

क्रूसाची खूण करून झाल्यावर आईनं तिच्याकडं बघितलं.

"आज तुजं लय जवळनं आलं गं," ती म्हणाली.

अपेक्षाला रडू फुटलं. "आई, मी म्हनत न्हवते. तिकडं एक दिस बी धड म्हटली न्हाई."

"ठावं हाय मला."

"ठावं हाय?"

"फोनवर लय झटदिशी व्हय म्हनायचीस. जे खरंच म्हनतं ना, ते कुरकुरतं. आज झोप आली, आज ध्यान लागलं न्हाई, आज चार मनी गाळलं. तुजं आपलं समदं रोज झ्याक." तिनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं. "मी काय पोलीस हाय व्हय? इचारलं आपलं."

"मग जागा कशाला सोडत हुतीस?"

मनुबाईला प्रश्नच कळला नाही. "तुजा बाप वरीसभर येत न्हाई, म्हनून त्याचं ताट मोडीत घातलं का म्या? तुजा वाटा हाय त्यो. मी कसा खाऊ?"

मग तिनं फळीवरून बायबल काढलं आणि पोरीच्या मांडीवर ठेवलं. लाल फीत जूनमध्ये होती त्याच पानात होती. आईवडिलांनी दूर गावी पाठवलेला एक तरुण, सोबत एक अनोळखी वाटाड्या आणि मागं लागलेलं कुत्रं, अशी ती गोष्ट होती. कॉलेज सुरू झालं आणि ती गोष्ट तिथंच वाटेत थांबली होती.

"त्यो पोरगा घरी आला का न्हाई गं?" मनुबाईनं विचारलं. "लय दिस झालं, वाटंतच हाय त्यो."

"आगं, शेजारच्या राजेश्वरीकडनं वाचून घ्यायचं की."

"तू वाचत हुतीस न्हवं," आई म्हणाली.

अपेक्षानं वाचलं. एक अध्याय संपला तरी आई उठेना, म्हणून पुढचा वाचला, मग त्याच्या पुढचा. त्या पोराची आई रोज रस्त्यावर नजर लावून बसते, पोरगा मेला असंच धरून चालते, हे आलं तेव्हा मनुबाई जागची हलली नाही. पोरगा घरी आल्यावर तिनं "बरं झालं" एवढंच म्हटलं आणि भाकरी टाकायला उठली.

सुट्टी संपवून अपेक्षा विश्रामबागेत आली. पहाटेची घंटा तिनं काढून टाकली आणि दिवेलागणीची वेळ धरली. पहिल्या दिवशी पूजा आणि वल्लरी चहा घेत होत्या. "मी जरा मोठ्यानं म्हणणार आहे, चालेल?" तिनं विचारलं. त्यांनी मान हलवली. तिनं माळ घेतली आणि गप्प बसली. आईचा भाग म्हणून व्हायला लागतो तेवढा वेळ ती थांबली. मग आपला भाग म्हटला. पुन्हा थांबली.

माळ संपल्यावर वल्लरीनं हळूच विचारलं, "मधे मधे विसरतेस का गं?"

"नाही. तेवढं आई म्हणते."

त्या थांबण्यात काही ऐकू येत नव्हतं, हेही खरं. आटपाडी तिथून लांबच होती आणि लांबच राहिली. उलट आता रोज त्या वेळेला घराची जास्तच ओढ लागायची. काही दिवस ती ओढच तेवढी असायची आणि बाकी प्रार्थना म्हणावी असं काही नसायचं. तरी ती बसायची. पलीकडे आई आपल्या भागासाठी थांबलेली असताना उठून कसं जाणार?

रविवारी फोन आला. जेवण झालं, अभ्यास झाला. शेवटचा प्रश्न आईनं विचारायच्या आधीच अपेक्षा बोलायला लागली.

"आई, मंगळवारी मला माळ म्हनता म्हनता झोपच लागली. आन् काल वाचलेलं समदं डोक्यावरनं गेलं, काय बी कळलं न्हाई. परवा तर पूजाच्या फोनमुळं निम्मं मनी गाळलं मी."



"बरं," मनुबाई म्हणाली. "म्हंजी म्हनतीयास."