सूप उचललं की थांबायचं

“हळू मारा, मिस्त्री. फुटला तं असा ड्रम कुठीच भेटत नाही,” भगवंतराव मागून म्हणाले.

इंद्रभानने हातोडा आहे त्याच जोराने घातला. मुरलेले कारागीर कुणाचं ऐकत नसतात, अशी भगवंतरावांनी मनाची समजूत घातली.

खरी गोष्ट अशी, की त्याला ऐकूच आलं नव्हतं. वर्षभरापासून त्याचे कान गेले होते. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा मिस्त्री म्हणून धाड गावात त्याचं नाव होतं. हे बाहेर कळलं तर त्याच्याकडे गाडी कोण आणणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ त्याच्या बायकोने, बनाबाईने, धरून ठेवली होती. ती समोर तूर निवडत बसायची, कान गाडीकडे. तिने सूप उचललं की थांबायचं, एवढंच दोघांत ठरलेलं.

भगवंतरावांच्या वडिलांची ही जुनी पिकअप कित्येक वर्षं हँडब्रेक ओढून गोठ्यामागे उभी होती. मागच्या चाकांचे दोन्ही ब्रेकड्रम आतल्या ब्रेकशूला गंजून चिकटले होते. डावा सकाळीच निघाला. उजवा मात्र हट्टाला पेटला. त्याला डिझेल पाजलं, गॅसने शेकलं, भोकांत बोल्ट पिळून बाहेर रेटलं. पठ्ठ्या जागचा हलेना. आणि ड्रम पडला बिडाचा, ओतीव लोखंडाचा. बीड वाकत नाही, सरळ फुटतं.

टण्ण. टण्ण. टण्ण. ड्रम केसभर सरकला. इंद्रभानला चेव आला. त्याची मान खाली होती, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता.

मग एक घाव भद्द वाजला. बनाबाईने सूप उचललं. त्याने पाहिलंच नाही.

“थांबा!” भगवंतराव ओरडले. “मिस्त्री, आवाज बदलला! थांबा नं!”

हातोडा पुन्हा वर गेला. बनाबाई तूर सांडत धावली आणि तिने तळहात सरळ ड्रमवर ठेवला.

हातोडा तिच्या बोटांजवळ येऊन अडला. इंद्रभान पांढराफटक पडला.

“मरायचं हाये काय वं तुले?” त्याचा आवाज नको तेवढा मोठा होता.

“तिरपा अडकला,” तिने हात वाकडा करून दाखवला. “फुटन!”

भगवंतराव इंद्रभानच्या कानांकडे बघू लागले. त्यांची हाक फाट्यापर्यंत गेली असेल. हातभरावरच्या माणसाला मात्र पोचली नव्हती. बनाबाईला त्यांच्याकडे बघवेना. वर्षभर जपलेलं एका हाकेत गेलं, म्हणून तिला रडू येत होतं.

इंद्रभानने गाडीखाली शिरून शू आणखी सैल केले. या वेळी ड्रम दोन्ही हातांनी ओढताच बाहेर आला. त्याने तो सळईला टांगून पान्याने हलकेच वाजवला. आत कुठे तडा गेला असेल तर तो आवाजावरूनच कळतो.

“साबूत हाये का?” भगवंतरावांनी विचारलं. ते बनाबाईकडे पाहत होते.

“मिस्त्रीले विचारा नं, भाऊ.”

“तुमीच सांगा.”

“हाये,” ती म्हणाली.

इंद्रभान हातात पाना धरून एकदा तिच्या, एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला.