पहिल्या जागेचा वाद

"पहिला नंबर पाणवठ्याच्या गान्याला. तुजंच खरं, विलास," असे म्हणत पोपटने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

विलासने डोळे उघडले. नाकाशी प्राणवायूची नळी होती. बोलण्यापूर्वी त्याला श्वास गोळा करावा लागे. त्याच्या मुद्रेवर आनंद उमटेल, अशी पोपटची अपेक्षा होती. तो उमटला नाही.

"डागतर काय बोलला रं?" विलासने विचारले.

पोपट खिडकीबाहेर पाहू लागला. शेलूच्या नव्या इमारतींपलीकडे डोंगराची निळसर रेघ दिसत होती. विलासची मुलगी नम्रता हिने मघाशी जिन्यातच त्याला थांबवून सांगितले होते, की आता रुग्णालयात नेण्यात अर्थ उरलेला नाही. तेव्हा जन्मभर जे दिले नाही ते आज देऊन टाकावे, असे ठरवूनच तो वर आला होता.

मोहोपाड्याच्या कारखान्यात दोघे एकाच पाळीत होते. वसाहतीतली घरेही शेजारीच. पाळी सुटली, की पिंपळाच्या पारावर बसून आजवर ऐकलेल्या गाण्यांची क्रमवारी लावायची, हा त्यांचा नित्यनेम. तिसऱ्या जागेपासून खालचे सारे केव्हाच ठरून गेले होते. वाद होता तो पहिल्या दोन जागांचा. पोपटचा कौल भैरवीतल्या एका भजनाला. विलासचा, पाणवठ्यावर वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या एका जुन्या भावगीताला. त्या गीतात शेवटच्या कडव्याआधी गायिकेने घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू येई. ती जागा आली, की विलास बोट वर करून सर्वांना गप्प करी.

"बाईला दम लागतो म्हनून पहिला नंबर?" पोपट चिडवी.

"गळा पुष्कळांना असतो," विलास म्हणे. "दम घेऊन परत तितक्याच मायेनं उचलनारी ही एकच."

लग्ने झाली, मुले मोठी झाली, निवृत्तीनंतर विलास मुलीकडे शेलूला आला. वाद मात्र अबाधित राहिला. प्रत्येक भेटीला निमित्त त्याचेच असे आणि निरोपाच्या वेळी तो मुद्दाम अपुरा ठेवला जाई.

"म्हंजे तू निरोप द्यायला आलास," विलास हलकेच म्हणाला.

पोपटला आपली चूक उमगली. तो उगाच खाकरला.

"नाय रं, गंमत केली. तुजं गानं दुसऱ्याच नंबरचं हाय. ती बी माजी मेहेरबानी."

"मेहेरबानी?" विलासने उशीवर मान वळवली. "तुज्या भजनात तबला बुवाच्या म्होरं पळतो. ऐकलंस कदी नीट?"

"बुवा तल्लीन झालाय. तुला कुटली भक्ती कळायला?"

नम्रता दाराशी आली. "काका, भांडू नका ना. त्यांना धाप लागते."

"भांडू दे गं," विलास म्हणाला. "तू चा टाक आमाला."

त्या दुपारी तो बराच बोलला. थांबत थांबत, पण जुन्याच तोऱ्यात. पोपट उठला तेव्हा म्हणाला, "उद्या ये. तबल्याचं राहिलंय."

तबल्याचे राहूनच गेले. त्याच रात्री विलास गेला.

दहाव्याला उल्हास नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळे उंबरावर बसून होते; एकही खाली उतरेना. भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी हात जोडून दिवंगताला सांगून पाहिले, की लेकीला अंतर देणार नाही, नातवंडांकडे लक्ष ठेवू. ऊन चढत गेले. नम्रता पोपटजवळ आली.

"काका, देऊन टाका ना त्यांना पहिला नंबर. जीव त्यातच अडकला असेल."

पोपट पुढे झाला. त्याने हात जोडले.

"विलास, भैरवीच पहिली," तो म्हणाला. "तुजं दुसरं. पटत नसंल तर ये, भांड."

भावकीत कुजबुज झाली. कोणीतरी नाराजीने मान हलवली. तेवढ्यात एका कावळ्याने फांदी सोडली, पिंडाला चोच लावली आणि तो नदीपलीकडे उडून गेला. माणसे सुटकेचा श्वास टाकून अंघोळीसाठी पाण्याकडे वळली.

पोपट तिथेच उभा होता, मान किंचित कलती करून, एक बोट वर धरून.